आत कोण बसलंय?

वडखळच्या कोंडीत एका तरुणाने माझ्या गाडीच्या काचेत बघून भांग पाडला, तेव्हा त्याच काचेच्या आतल्या बाजूला, वीतभर अंतरावर, मी बसलो होतो.

मे महिन्यातला शनिवार. मुंबईहून अलिबागला निघालेल्या झाडून साऱ्या गाड्या वडखळला येऊन तुंबल्या होत्या. आम्ही पेणहून रोह्याला आमच्या जुन्या घरी निघालो होतो. अलिबागशी आमचा काडीचा संबंध नव्हता, पण कोंडी असा भेदभाव करत नाही. तेवढ्यात शेजारी एक मोटरसायकल येऊन टेकली. त्या पोराने तिचे दोन्ही आरसे फॅशन म्हणून काढून टाकलेले. मग केस बघायचे कशात? तर माझ्यात. त्याने कंगवा काढला, मान तिरकी केली, भांग पाडला, तो पसंत पडला नाही म्हणून मोडला आणि दुसऱ्या बाजूने पाडला. मग दात. आधी वरचे, मग खालचे. मग नाकावरची पुटकुळी. काच खाली करावी तर पोरगं लाजेने अर्धमेलं होईल, न करावी तर आता पुढे काय तपासायला घेईल याचा नेम नाही. मी श्वास रोखून बसलो.

“हलू नका,” ही कुजबुजली, “तुम्ही हललात तर त्याचा भांग वाकडा होईल.”

गाडीला काळी फिल्म लावल्याने आपण मोठे साहेब झालो, ही माझी समजूत त्या वडखळला संपली. मी साहेब झालो नव्हतो, सलूनचा आरसा झालो होतो.

हा काही माझा पहिला गुन्हा नव्हे. पूर्वी आमच्याकडे मारुती ८०० होती. त्या काळात मोठा माणूस ओळखायच्या तीन खुणा होत्या: पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन आणि गाडीला काळी काच. मी बँकेत होतो. पांढरा शर्ट होता, चेन परवडत नव्हती, म्हणून मधली पायरी गाळून एकदम काचेवर गेलो. एवढ्याशा गाडीला एवढी काळी फिल्म, की गाडी उभी असली म्हणजे गॉगल लावून बसलेल्या बेडकासारखी दिसायची.

आणि मग सर्वोच्च न्यायालयाने माझी दखल घेतली. अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल लागला: ४ मेपासून गाडीच्या काचेवर फिल्म लावायची नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो. काळ्या काचेआड गुन्हे होतात, गाडीत काय चाललंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, असं कारण. आमच्या गाडीत काय चालायचं? ही मला “ब्रेक दाबा” म्हणायची आणि मी दाबायचो. देशाला हे दिसायला माझी हरकत नव्हती. सवलत होती ती फक्त झेड आणि झेड-प्लस सुरक्षेतल्या लोकांना. मला घरात साधं ‘अ’ दर्जाचंही संरक्षण कधी मिळालेलं नाही, तेव्हा सवलतीचा प्रश्नच मिटला.

पुढचा रविवार आम्ही फिल्म काढण्यात घालवला. गरम पाणी झालं, दाढीचं ब्लेड झालं, रॉकेल झालं. बघायला आलेल्या प्रत्येक शेजाऱ्याकडे एकेक नवा उपाय होता आणि हातात कोणाच्याच फडकं नव्हतं. संध्याकाळपर्यंत फिल्म निघाली, पण डिंक राहिला. मागच्या काचेवर त्याचे असे पट्टे उमटले, की पुढली चार वर्षं मागून येणारी प्रत्येक एसटी मला आंबोलीच्या धुक्यातून आल्यासारखी दिसायची.

तेव्हा कानाला खडा लावला होता. पण खडा फार काळ टिकत नाही, विशेषतः कान भाच्याच्या तोंडाजवळ असला तर.

“मामा, फिल्म परत कायदेशीर झाली!” भाचा मोबाइल नाचवत आला.

“कुठे?”

“केरळ हायकोर्ट. सप्टेंबर २०२४.”

“अरे, आपण रायगड जिल्ह्यात राहतो.”

“मग काय झालं? कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते ना? तिकडून खाली गाड्या केरळला जातात. कायदा तेवढा यायला काय हरकत आहे?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. शिवाय त्याने पुढे जे सांगितलं ते खरंही होतं. मोटार वाहनांचे नियम केंद्राचे, १९८९ सालचे, सगळ्या देशाला एकच. त्यातल्या १०० व्या नियमात १ एप्रिल २०२१ पासून दुरुस्ती झाली आणि नुसत्या ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ असा शब्द आला. ग्लेझिंगमध्ये काचेला आतून चिकटवलेलं प्लॅस्टिकही बसतं. म्हणून उजेडाची ठरलेली मर्यादा पाळली तर फिल्म लावणाऱ्याला दंड करता येणार नाही, असं केरळच्या न्यायालयाने म्हटलं. मला त्यातली तारीख तेवढी खटकली. १ एप्रिल हा दिवस माझ्यासारख्यासाठीच राखून ठेवलेला असतो. पण मे महिना, नवी गाडी आणि रोह्याला जाताना उजव्या दंडावर येणारं ऊन, या तिघांनी मिळून मला फूस लावली.

मर्यादा म्हणाल तर पोराला पाठ होईल इतकी सोपी आहे: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. यात न समजण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. पण मी पेणमध्ये चार लोकांना विचारण्याची चूक केली.

न्हावी म्हणाला, “पन्नास टक्के म्हणजे पन्नास टक्के काळी. एकावन्न झाली की पकडतात.”

शेजारचे अण्णा म्हणाले, “अर्ध्या काचेला लावायची हो. वरच्या अर्ध्या. ऊन काय खालून येतं?”

चहावाल्याने तर आणखी खोलात जाऊन सांगितलं, “बाजूच्या काचा चार. त्याच्या पन्नास टक्के किती? दोन. दोन काचांना लावा, दोन मोकळ्या सोडा. मग कोन काय बोलतो बघू.”

आता गंमत अशी, की अर्ध्याअधिक जिल्ह्याला एमएच-०६ची पाटी देणारं आरटीओ ऑफिस आमच्या पेणलाच आहे. रोह्याचा माणूस येतो, म्हसळ्याचा येतो, श्रीवर्धनचा येतो. सगळे वाट वाकडी करून पेणला येतात आणि कायदा समजून घेऊन जातात. पेणचा माणूस मात्र न्हाव्याला विचारतो.

रात्री मुलीचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सुखी आहात. तुमच्याकडे देशाला एकच नियम. इथे प्रत्येक राज्याचा वेगळा.” पुढच्या दाराच्या काचेतून टेक्सासात २५ टक्के उजेड गेला तरी पुरे, फ्लोरिडाला २८ लागतात, ॲरिझोनाला ३३, न्यूयॉर्कला थेट ७०, आणि तिच्या न्यू जर्सीत त्या काचेला फिल्मच लावून घेता येत नाही. मी माजी बँकवाला. मला वाटलं, हा तर उजेडाचा विनिमय दर झाला. राज्याची हद्द ओलांडली की अंधार मोडून उजेड घ्यायचा.

“आणि समजा पेणला ५० टक्के, नागोठण्याला ३० आणि रोह्याला ७० असते तर?” हिने विचारलं.

“तर भिसे खिंडीत गाडी थांबवून मी काचा घासत बसलो असतो.”

“म्हणजे २०१२ सालासारखेच,” असं म्हणून हिने फोन ठेवला. मुलीचा निरोप घ्यायचा राहिला.

फिल्मवाल्याचं दुकान म्हणजे विज्ञान प्रदर्शन होतं. टेबलावर एक लाल दिवा, त्याच्यापुढे काचेचे तुकडे. “हात धरा काका. काय वाटतं?” भाजतंय. “आता या काचेमागे धरा.” नाही भाजत. “बघा! आणि ही काच किती पांढरी आहे बघा.” मग त्याने मला समजावलं, की काळेपणाचा आणि थंडाव्याचा संबंध लोक समजतात तितका नाही. उन्हातला निम्म्याहून जास्त ताप डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असतो. ते अडवणारी महागडी फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही गाडी गार ठेवते, आणि नुसती काळी स्वस्त फिल्म स्वतःच तापून आतल्या माणसाला शेकते.

“मग ती पांढरी लावा,” ही म्हणाली.

पण पांढरी लावली तर लावलेली दिसणार कशी? चार पैसे खर्चून माणसाने गाडीला असं काहीतरी लावावं जे कोणाला दिसतच नाही, हे मला बँकेच्या शिस्तीत बसेना. खरं सांगायचं तर मला ऊन अडवायचं नव्हतं. मला आतून सगळ्यांना बघायचं होतं आणि बाहेरून कोणाला दिसायचं नव्हतं. आमच्या पेणच्या बाजारपेठेत शंभर पावलं चालायला पाऊण तास लागतो. “काय, कुठे? गाडी घेतली वाटतं? केवढ्याला? मुलगी कधी येणार? गुडघा काय म्हणतो?” या प्रश्नपत्रिकेवर काळी फिल्म हाच उपाय होता.

“पन्नास टक्क्यांची द्या,” मी ठणकावून सांगितलं. “कायद्यात बसणारी.”

“पन्नासची हीच घ्या. तुमची कंपनीची काच पंचाहत्तरच्या आसपास असते, वर ही पन्नासची,” असं तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मान डोलावली. पैसे दिले. पावती नीट घडी करून ठेवली. ते वाक्य पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रसिद्ध दिवस होते. उघड्या काचेच्या गाडीतून मी जायचो तेव्हा कोणी ढुंकून बघत नसे. फार तर हात वर करत. आता गाडी गल्लीत शिरली की ओट्यावरची सगळी मंडळी उठून उभी राहायची. आत कोण बसलंय? जमिनीची पार्टी आली असेल, असं एका गटाचं मत पडलं, कारण रायगड जिल्ह्यात अनोळखी गाडी दिसली की लोक आधी सातबारा कपाटात आहे ना ते बघतात. दुसऱ्या गटाला मी निवडणूक पथक वाटलो. एका दुकानदाराने मला बघून शटर अर्धं खाली ओढलं. त्याला काय वाटलं ते मी अजून विचारलेलं नाही.

अण्णा तर आमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आमच्याच गाडीला टेकून, आमच्याच समोरच्यांना सांगत होते, “रोह्याची जागा विकली म्हणतात. नाहीतर पेन्शनीत एवढी काळी काच परवडते काय? पण आता ओळख देत नाहीत हो. काल समोरून गेले, मान वळवली नाही.” मी आत होतो. काल मी मानही वळवली होती, हातही केला होता, वर तोंड भरून हसलो होतो. ते सगळं आतल्या आत राहिलं. आपण हसलो हे दुसऱ्याला दिसलं नाही तर त्याला गावात माज म्हणतात.

अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या एका मावशीने मला तिप्पट भाव सांगितला. मी काच खाली केली तर तिचा चेहरा पडला. “तू हाव व्हय?” म्हणाली, “मना वाटला कोन शेट हाय भितरी.” आणि लगेच भाव खाली आणला. काचेचा भाव काय असतो तो मला त्या दिवशी रुपयांत कळला.

आणि मग वडखळचा तो भांग. पण त्यावरही एक उतारा होता, तो परतताना मिळाला.

नाक्यावर वाहतूक पोलिसांतल्या एक मॅडम उभ्या होत्या. त्यांनी शिट्टी मारली. मी काच खाली करून अत्यंत आनंदाने हसलो. कारण या प्रसंगाची मी तयारी केली होती. केरळच्या निकालाची बातमी छापून डॅशबोर्डमध्ये ठेवली होती, ठळक ओळींना पिवळी शाई लावून.

“काका, फिल्म?”

“पन्नास टक्के,” मी पावती पुढे केली. “आणि हा केरळचा निकाल. आणि हा नियम १००. पुढे-मागे ७०, बाजूला ५०.”

त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. मला वाटलं, आता सॅल्यूट होतो की काय. पण त्यांनी खिशातून चिमट्यासारखं एक छोटं यंत्र काढलं. अर्धवट उतरवलेल्या काचेच्या एका बाजूला एक तुकडा, दुसऱ्या बाजूला दुसरा. इकडून उजेड सोडायचा, तिकडे किती पोचला ते बघायचं. यंत्राने आकडा दाखवला: ३७.

“तुमचं मशीन बिघडलंय,” मी म्हणालो.

“मशीन बरोबर आहे काका. केरळचा निकाल राहू द्या बाजूला, त्यालासुद्धा पन्नासच लागतात. तुमची काच मुळात किती टक्क्यांची?”

“पंचाहत्तर.”

“आणि वर फिल्म पन्नासची. मग पंचाहत्तरचे पन्नास टक्के किती?”

मी गप्प. मागून ही म्हणाली, “साडेसदतीस.”

मॅडमनी पावती फाडता फाडता सहज विचारलं, “काका, नोकरी कुठे होती?”

“बँकेत,” हिनेच सांगितलं. “कर्ज विभागात.”

तीस वर्षं मी लोकांना चक्रवाढ व्याज लावलं. टक्क्यांवर टक्के चढले की काय होतं ते टेबलाच्या अलीकडून समजावून सांगितलं, शेतकऱ्यांना सांगितलं, कोळ्यांना सांगितलं, कारखानदारांना सांगितलं. “टक्के बेरजेने चालत नाहीत हो, गुणाकाराने चालतात,” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. फक्त काचेच्या आत बसून ते मला ऐकू आलं नाही. ५०० रुपये भरले. पुन्हा सापडलो तर १५००, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे इथेही चक्रवाढच.

पुढच्या रविवारी गरम पाणी झालं, ब्लेड झालं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून अण्णांनी खोबरेल सुचवलं. अण्णा अख्खा दिवस फाटकाशी उभे होते. सगळी फिल्म निघेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. शेवटची काच मोकळी झाली, मी आतून दिसलो, तशी त्यांनी तोंड भरून हाक मारली, “काय, कुठे? बऱ्याच दिवसांनी!” मी महिनाभर त्यांच्या शेजारीच राहत होतो.

श्रावण सरता सरता आमचा पाट कारखान्यात जातो. गणपती रोह्याला, पण मूर्ती पेणची, हे घराण्याचं ठरलेलं. यंदा मूर्ती आणायला गेलो तेव्हा कारागीर शेवटच्या काही गणपतींची आखणी करत होता. आखणी म्हणजे डोळे काढणं. पेणची ख्याती या डोळ्यांवर आहे. एरवी हसतखेळत, गाणी लावून चाललेला कारखाना आखणीच्या कोपऱ्यात गप्प होतो. बारीक कुंचला, त्याच्या टोकाला काळ्या रंगाचा ठिपका, आणि कारागिराने आत ओढून धरलेला श्वास. कुंचला उचलला की मातीचा गोळा एकदम तुमच्याकडे बघू लागतो. डावीकडे सरका, तिकडे बघतो. उजवीकडे सरका, तिकडे बघतो.

“काका, बाजूला व्हा जरा,” कारागीर म्हणाला, “उजेड अडवताय.”

या वर्षात हे वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. पहिल्यांदा पाचशे रुपये पडले होते.

मूर्ती हिच्या मांडीवर, मूर्तीच्या तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल. निघालो रोह्याला. काचा लख्ख. बाजारपेठेत अण्णांनी हात जोडले, चहावाल्याने जोडले, शटर ओढणाऱ्या दुकानदाराने शटर वर करून जोडले. गाडीत काय चाललंय ते सगळ्या गावाला स्वच्छ दिसत होतं, आणि ज्याला बघायला सगळे वाकत होते, त्याचा चेहरा तेवढा झाकलेला होता. रुमालातून किती टक्के उजेड जातो, हे कोणी मोजायला आलं नाही.

वडखळला कोंडी होतीच. शेजारी मोटरसायकल टेकली. हाही बिनआरशांचा. त्याने खिशातून कंगवा काढला, सवयीने माझ्या काचेकडे वाकला, आणि थबकला. कंगवा तसाच खिशात गेला, दोन्ही हात जोडले गेले. मग त्याची नजर माझ्यावर आली. त्याने मला नीट निरखून पाहिलं आणि बोटाने आपल्या कपाळाकडे खूण केली.

मी वर पाहिलं. गाडीतल्या आरशात माझा भांग साफ विसकटलेला होता.

“बसवा,” ही म्हणाली, “आज तो दिसतोय तुम्हाला.”